ईमेल होस्टिंग निवडताय? ओपन सोर्सच्या कसोटीवर सेवा कशी पारखायची

ओपन सोर्सची आवड असलेल्या बहुतेकांचं चित्र सारखंच असतं. ब्राउझर फायरफॉक्स, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स. ईमेल मात्र वर्षानुवर्षं एखाद्या मोठ्या कंपनीच्या मोफत खात्यावर. आणि त्याच खात्यावर बँकेची स्टेटमेंट्स, आयकर विभागाच्या सूचना आणि बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक येत असतात. म्हणजे जी गोष्ट सगळ्यात आधी आपल्या हातात हवी, तिचाच नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

'एखादी चांगली ओपन सोर्स ईमेल सेवा सांगा ना,' असं मला बरेचदा विचारलं जातं. याचं एका नावात उत्तर देता येत नाही. ईमेलच्या बाबतीत 'ओपन सोर्स' हा शिक्का बघून भागत नाही, थोडं खोलात जावं लागतं. म्हणून या लेखात आधी पाच कसोट्या सांगतो, मग काही सेवा त्यांवर लावून बघू आणि शेवटी जुन्या खात्यातून बाहेर कसं पडायचं तेही पाहू.

ईमेल होस्टिंगमध्ये काय काय असतं?

आपल्याला एकच 'इनबॉक्स' दिसत असला तरी त्यामागे चार वेगळी कामं चालू असतात.

१. मेल पाठवणं आणि स्वीकारणं. हे काम एसएमटीपी या प्रोटोकॉलवर चालतं. त्याचं गाजलेलं मानक १९८२ सालचं आहे. पोस्टफिक्स आणि एक्झिम हे यातले नावाजलेले ओपन सोर्स सर्व्हर.

२. मेल साठवणं आणि मागितला की दाखवणं. यासाठी आयमॅप हा प्रोटोकॉल असतो. डोव्हकॉट आणि सायरस हे इथले ओपन सोर्स सर्व्हर.

३. वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारं पान. राउंडक्यूब तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच.

४. तुमच्या कॉम्प्युटरवरचं किंवा फोनवरचं अ‍ॅप. थंडरबर्ड सगळ्यांना माहीत आहे. अँड्रॉइडवरचं के-नाइन मेल २०२२ मध्ये थंडरबर्डच्या परिवारात आलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातूनच अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड बाहेर पडलं.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. अगदी स्वस्तातल्या वेब होस्टिंगसोबत मिळणारा मेलसुद्धा आतून एक्झिम, डोव्हकॉट आणि राउंडक्यूबवर चालत असतो. म्हणजे 'आम्ही ओपन सोर्स वापरतो' हे वाक्य जवळपास कुणालाही खरेपणाने म्हणता येतं. त्यावरून सेवा निवडायची तर काहीच निवडता येणार नाही.

कोड खुला, पण किल्ली कुणाकडे?

स्किफ नावाची एक मेल सेवा होती. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, देखणी अ‍ॅप्स, आणि अ‍ॅप्सचा कोड गिटहबवर कुणालाही वाचायला मोकळा. गोपनीयतेची काळजी असणाऱ्यांमध्ये तिचं नाव चांगलं झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या कंपनीने स्किफ विकत घेतली आणि त्याच ऑगस्टमध्ये सेवा बंद झाली. लोकांना सामान आवरायला सहा महिने मिळाले. ज्यांनी स्वतःचं डोमेन जोडलेलं होतं, ते तोच पत्ता घेऊन दुसरीकडे गेले. ज्यांचा पत्ता स्किफच्याच नावाचा होता, त्यांना बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळीकडे नवा पत्ता कळवावा लागला. वाचायला मिळालेला कोड त्यांच्या काही कामाला आला नाही.

असं का होतं? मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं म्हणजे प्रोग्राम चालवणं, त्याचा अभ्यास करणं, त्यात बदल करणं आणि तो वाटणं. ही ज्याच्या मशीनवर प्रोग्राम चालतो त्याच्या उपयोगी पडतात. तुमच्या लॅपटॉपवर तो माणूस तुम्ही असता. मेल सर्व्हरवर ती कंपनी असते. एजीपीएल हे लायसन्स याच अडचणीवर काढलेलं आहे. कोडमध्ये बदल करून तो नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला, तर त्या लोकांना बदललेला कोडही द्यावा लागतो. पण दाखवलेला कोडच समोरच्या सर्व्हरवर चालू आहे का, हे त्यानेही बाहेरून तपासता येत नाही.

म्हणून सेवा पारखताना मी एकच प्रश्न मध्यभागी ठेवतो: उद्या इथून निघायचं ठरवलं तर मला काय काय घेऊन निघता येईल? ओपन सोर्सचा आत्मा ईमेलमध्ये इथे सापडतो. खालच्या कसोट्याही याच क्रमाने लावल्या आहेत, सगळ्यात महत्त्वाची सगळ्यात आधी.

कसोटी पहिली: पत्ता तुमच्या मालकीचा आहे का?

पत्त्यातल्या 'अ‍ॅट'च्या चिन्हानंतरचं नाव कंपनीचं असेल तर तुम्ही भाडेकरू आहात. नाव तुमच्या डोमेनचं असेल तर होस्टिंग कंपनी कितीही वेळा बदला, पत्ता तोच राहतो. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फायदा देणारा खर्च हाच.

डोमेन घेतलं की तीन पथ्यं मात्र पाळायची.

* डोमेन आणि मेल होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा. एकीकडे भांडण झालं तर दुसरं सुरक्षित राहतं.
* डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. मेल बंद पडला तर डोमेनच्या खात्यातही शिरता येणार नाही.
* नूतनीकरण चुकवू नका. मुदत संपून डोमेन सुटलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं, तर तुमच्या नावाने येणारे मेल, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा, त्याच्या हातात पडतील. शक्य असेल तर एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाका.

कसोटी दुसरी: दारं उघडी आहेत का?

मेल बाहेर काढायची वाट खुल्या मानकांची असली पाहिजे. मी पुढच्या गोष्टी बघतो.

* आयमॅप आणि एसएमटीपी थेट मिळतात का? थंडरबर्डमध्ये सर्व्हरचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड टाकून मेल दिसायला हवा. बऱ्याच मोफत प्लॅनमध्ये आयमॅप नसतो, तेवढं आधी वाचा.
* कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह आहे का? फोनमधले नंबर अडकून राहिले तरी माणूस अडकतोच.
* मेल गाळण्याचे नियम सीव्ह या प्रमाणित भाषेत लिहिता येतात का? वर्षानुवर्षं बनवलेले फिल्टर मग नव्या ठिकाणी नेता येतात.
* जेमॅप आहे का? आयमॅपची नवी पिढी म्हणता येईल असं हे २०१९ मधलं खुलं मानक आहे. असेल तर उत्तम, नसेल तर आत्ताच अडत नाही.

आपल्यासाठी आणखी एक तपासणी आहे. देवनागरीत लिहिलेल्या ईमेल पत्त्यावर या सेवेतून मेल जातो का? यासाठीची मानकं २०१२ मध्ये आली, देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून अशा पत्त्यांना आधार दिला. तरीही काही ठिकाणी 'पत्ता अवैध आहे' असं उत्तर मिळतं. खुलं मानक सगळ्या भाषांना समान वागवतं. सेवाही तसं वागते का, ते या एका मेलवरून कळतं.

कसोटी तिसरी: कोणता कोड खुला आहे?

'आमचा कोड खुला आहे' असं वाचलं की लगेच विचारायचं: अ‍ॅपचा, वेबमेलचा, की सर्व्हरचा? यात सगळ्यात जास्त वजन अ‍ॅपच्या कोडला आहे, विशेषतः एन्क्रिप्शनचं काम तिथे होत असेल तर. कारण तो कोड तुमच्या मशीनवर चालतो, जाणकार तो तपासू शकतात आणि त्यातून स्वतः अ‍ॅप बनवूही शकतात. अ‍ॅप एफ-ड्रॉइडवर मिळत असेल तर ती चांगली खूण समजा.

कसोटी चौथी: तुमचे पैसे पुढे कुठे जातात?

पोस्टफिक्स, डोव्हकॉट, सायरस ही सॉफ्टवेअर कुणीतरी सांभाळतं म्हणून जगाचा मेल चालतो. एखादी कंपनी त्यावर नुसती कमाई करते, की दुरुस्त्या आणि सुधारणा परतही देते? हे बघायला तज्ज्ञ असावं लागत नाही. कंपनीच्या ब्लॉगवर आणि त्या प्रकल्पाच्या बदलांच्या यादीत तिच्या लोकांची नावं दिसतात का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

कसोटी पाचवी: कायदा कुठला लागतो?

सर्व्हर ज्या देशात, तिथला कायदा त्याला लागतो. अमेरिकेतल्या लाव्हाबिट या सेवेकडे २०१३ मध्ये सरकारने एन्क्रिप्शनच्या किल्ल्या मागितल्या. शेवटी मालकाने सेवाच बंद केली. २०२१ मध्ये स्विस यंत्रणेच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. मेलचा मजकूर कुलूपबंद असला तरी कोण, कधी, कुठून आलं ही माहिती वेगळी असते, हे यावरून ध्यानात घ्या.

आपल्याकडचं उदाहरण एप्रिल २०२५ चं आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याच्या दिशेने कारवाई करायला सांगितलं. असं काही प्रत्यक्षात आलं तर ग्राहकाने काय करायचं? डोमेन स्वतःचं असेल तर नवे मेल दुसऱ्या सेवेकडे वळवायचे आणि जुने आपल्याकडच्या बॅकअपमधून घ्यायचे. पहिली कसोटी पहिली का, ते इथे पुन्हा दिसतं.

आता काही सेवा या कसोट्यांवर

दर बदलत राहतात, त्यामुळे किंमती त्या त्या साइटवर बघा. मी स्वभाव सांगतो.

प्रोटॉन मेल (स्वित्झर्लंड). अ‍ॅप्सचा कोड खुला. ओपनपीजीपी जेएस ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ते सांभाळतात, तिचा उपयोग इतरांनाही होतो. चौथ्या कसोटीवर उत्तम. सर्व्हरचा कोड मात्र खुला नाही. थेट आयमॅपही नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर 'ब्रिज' नावाचा प्रोग्राम चालवावा लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. हे एन्क्रिप्शनमुळे आहे, कारण मेल सर्व्हरवर कुलूपबंद असतो आणि तो उघडायचं काम तुमच्या मशीनवर व्हावं लागतं.

टुटा (जर्मनी, आधीचं नाव टुटानोटा). अ‍ॅप्स जीपीएल लायसन्सखाली, अँड्रॉइडचं अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरही. मेलचा विषयसुद्धा एन्क्रिप्ट होतो. पण आयमॅप अजिबात नाही, ब्रिजही नाही. थंडरबर्ड विसरा. तिसऱ्या कसोटीवर पुढे, दुसऱ्यावर मागे.

मेलबॉक्स डॉट ऑर्ग (बर्लिन). लिनक्स आणि मेल सर्व्हरच्या कामात मुरलेल्या हाइनलाइन कंपनीची सेवा. आयमॅप, कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह, सगळं मिळतं. स्वतःचं डोमेन जोडता येतं, फक्त सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये नाही. हवं त्याला पीजीपीची सोय आहे. पाचही कसोट्यांचा एकत्र विचार केला तर समतोल चांगला.

पोस्टेओ (बर्लिन). महिन्याला एक युरोपासून सुरुवात, जाहिराती नाहीत, आयमॅप आहे. पण स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. डोमेनसोबत मालकाची ओळख जोडली जाते आणि त्यांना ग्राहकाची माहितीच नको असते, अशी त्यांची भूमिका. भूमिका प्रामाणिक आहे, पण माझ्या पहिल्या कसोटीवर ती बसत नाही. दुसरं, गुप्त खातं म्हणून चांगली.

फास्टमेल (मेलबर्न). ही गंमत आहे. जाहिरातीत 'ओपन सोर्स' फार ऐकू येत नाही, वेबमेलही खुलं नाही, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही. पण सायरस सर्व्हरचं बरंचसं काम यांचीच माणसं करतात आणि जेमॅपचं मानक घडवण्यात त्यांचा पुढाकार होता. दारं सगळी उघडी. शिक्का बघून निवडणाऱ्याच्या यादीत हे नाव येणारच नाही, कसोट्या लावल्या तर वर येतं.

झोहो मेल (चेन्नई). भारतीय कंपनी, रुपयांत बिल, जाहिराती नाहीत. पण सॉफ्टवेअर बंदिस्त आहे आणि मोफत प्लॅनमध्ये आयमॅप मिळत नाही. 'स्वदेशी' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे गुण आहेत, त्यांची गल्लत करू नका. सशुल्क प्लॅनमध्ये आयमॅप आणि तुमचं डोमेन, दोन्ही मिळतं, त्यामुळे निघायची वाट तरी उघडी राहते.

परदेशी सेवा घेताना एक व्यवहारी गोष्ट. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापले जाणं बऱ्याच परदेशी कंपन्यांच्या बाबतीत अडतं. वर्षाचे पैसे एकदम भरलेले बरे, नाहीतर पैसे न पोचल्यामुळे मेल थांबायचा.

मग स्वतःचाच सर्व्हर का नको?

तत्त्वाने बघितलं तर हाच शंभर टक्के मुक्त मार्ग. मेलकाऊ, मेल-इन-अ-बॉक्स अशी तयार संच मिळतात, एका दिवसात सर्व्हर उभा राहतो. अडचण त्यानंतर सुरू होते. ॲमेझॉन, गूगल क्लाउड, डिजिटल ओशन यांच्या मशीनवरून बाहेर मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट मुळात बंद किंवा मर्यादित असतो. घरच्या ब्रॉडबँडवर बरेचदा स्वतंत्र आयपी पत्ताच नसतो. मशीन मिळालं तरी त्याच्या आयपीवर आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवलेला असेल तर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात. आणि रात्री दोन वाजता डिस्क भरली तर उठायचं तुम्हीच.

शिकण्यासाठी जरूर करा, एखादं जास्तीचं डोमेन घेऊन. पण ज्या पत्त्यावर बँक आणि आयकराचे मेल येतात, तो पत्ता त्यावर ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्थेत दोन जाणकार माणसं कायम असतील तर वेगळी गोष्ट.

जुन्या खात्यातून बाहेर पडताना

१. डोमेन घ्या, नव्या सेवेत खाती उघडा. आठवडाभर फक्त चाचणी करा: थंडरबर्ड जोडा, जीमेलवर मेल पाठवा, देवनागरी पत्त्यावर पाठवा, सगळा मेल एक्सपोर्ट करून बघा.

२. डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंदी टाका. एमएक्स सांगतो मेल कुठे पोचवायचा. एसपीएफ सांगतो तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. हे दोन्ही फसले तर काय करायचं ते डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केले आहेत, त्यामुळे यातलं काही गाळू नका. डीमार्क आधी फक्त निरीक्षणावर ठेवा, सगळं सुरळीत दिसलं की कडक करा.

३. जुने मेल हलवा. आयमॅपसिंक हा प्रोग्राम एका आयमॅप खात्यातून दुसऱ्यात फोल्डरसकट मेल नेतो. नव्या सेवेत आयमॅप नसेल तर तिचं स्वतःचं इम्पोर्टचं साधन वापरावं लागतं.

४. वहीत यादी करा: बँक, विमा, पॅन-आयकर, पीएफ, डिजिलॉकर, वीजबिल, मोबाइल कंपनी. रोज दोन-तीन ठिकाणी पत्ता बदला. एका रविवारी सगळं उरकायला जाऊ नका.

५. जुनं खातं निदान वर्षभर चालू ठेवा, त्यावरचे मेल नव्याकडे वळवा. वर्षातून एकदाच येणारे मेल अशानेच सापडतात.

६. दर तीन महिन्यांनी सगळ्या मेलची प्रत स्वतःच्या डिस्कवर घ्या, एमबॉक्स किंवा मेलडिर या खुल्या फॉर्मॅटमध्ये. ही फाइल वीस वर्षांनीही उघडेल.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं?

एकट्यासाठी: स्वतःचं डोमेन आणि थेट आयमॅप देणारी सशुल्क सेवा. पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशांना मजकूर कंपनीलाही दिसू नये असं वाटत असेल तर प्रोटॉन किंवा टुटा, पण डोमेन स्वतःचं आणि बॅकअप नियमित. वाचनालय, गृहनिर्माण सोसायटी किंवा लहान संस्थेसाठी: डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, सचिवांच्या वैयक्तिक नावावर नको. 'अध्यक्ष', 'कार्यालय' असे पदाचे पत्ते बनवा. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड बदलतो, पत्रव्यवहार संस्थेकडेच राहतो.

आणि आत्ता लगेच सेवा बदलायची तयारी नसेल तरी हरकत नाही. आज फक्त डोमेन घ्या आणि जुन्या खात्याची एक प्रत डिस्कवर उतरवून ठेवा. एवढं झालं की बाकीचे निर्णय सवडीने घेता येतात.